डॉक्टरीणबाईंचं घर : वाचनालयातल्या एका प्रदर्शनाच्या नोंदी

आपल्या गावात, शाळेत किंवा मंडळात कुणाला असं प्रदर्शन मांडायचं असेल, तर उपयोगी पडावी म्हणून ही वही ठेवली आहे. खर्च, मोडतोड, भांडणं, सगळं आहे तसं लिहिलंय. काम करणारे आम्ही पाच जण: मी, आमच्या ग्रंथपालबाई, ड्रॉइंगचे निवृत्त सर आणि कॉलेजातली दोन मुलं.

१० सप्टेंबर २०२५

गणपती उठले, सभागृह मोकळं झालं. समितीने २५,००० रुपये मंजूर केले. जागा २२ ते ३० नोव्हेंबर आमची. २२ नोव्हेंबर हा डॉ. रखमाबाईंचा जन्मदिवस (१८६४), म्हणून उद्घाटनही त्याच दिवशी.

विषय 'पहिल्या डॉक्टर स्त्रिया' असा आला होता. पण तशी प्रदर्शनं होऊन गेलीत. एक मोठा फोटो, खाली पदवीचं साल, शेजारी हार. त्यातून पदवी कळते, बाई कळत नाही. मी म्हटलं, आपण त्यांची घरं मांडू. बाई वर्गात किंवा वॉर्डात असताना घरात चूल कोण पेटवत होतं, पैसा कुणाच्या हातात होता आणि मूल कुणाच्या कडेवर होतं, हे तीन प्रश्न प्रत्येक घराला विचारायचे.

चार घरं ठरली: आनंदीबाई जोशी, रखमाबाई, कलकत्त्याच्या कादंबिनी गांगुली आणि हुगळीच्या हैमवती सेन. मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या एडिथ पेची यांचं नाव सरांनी सुचवलं, पण चारच्या वर घरं आमच्या सभागृहात मावत नाहीत.

'पहिली' हा शब्द कुठल्याही चौकटीत लिहायचा नाही, हेही आजच ठरवून टाकलं. आनंदीबाई आणि कादंबिनी दोघींची पदवी १८८६ सालची. एकीची फिलाडेल्फियाची, दुसरीची कलकत्ता मेडिकल कॉलेजची. तो शब्द लिहिला की लोक तेवढ्यावरच वाद घालत बसतात आणि बाकीचं बघत नाहीत.

१७ सप्टेंबर

वाचन चालू आहे. प्रत्येक घरासाठी एक जाड पुठ्ठ्याचं पाकीट केलंय आणि आत चिठ्ठ्या. कोर्ट, कॉलेज, बोटीचा प्रवास यांच्या चिठ्ठ्या पाकिटात मावेनात. घराच्या चिठ्ठ्या मात्र शोधून शोधून काढाव्या लागतायत. त्या कुठे सापडतात ते सांगून ठेवते: पत्रांत, घरच्या माणसांनी मागाहून लिहिलेल्या आठवणींत आणि बाईची बदनामी करणाऱ्या मजकुरात. हा शेवटचा साठा अनपेक्षित होता. १८९१ साली 'बंगबासी' या बंगाली वृत्तपत्राने कादंबिनींच्या चारित्र्यावर चिखलफेक केली, ती बाई घर सोडून बाहेर हिंडते एवढ्यावरून. त्यांनी फिर्याद केली. संपादक महेशचंद्र पाल यांना १०० रुपये दंड आणि सहा महिने कैद झाली.

आनंदीबाईंच्या पाकिटासाठी ग्रंथपालबाईंनी काशीबाई कानिटकरांनी लिहिलेलं चरित्र कपाटातून काढलं. आनंदीबाई गेल्यावर थोड्याच वर्षांत लिहिलेलं आहे. आमची प्रत जुनी, पानं हाताला लागताच कडेने झडतात. झेरॉक्सच्या मशीनवर उपडी घालायची सोय नाही. खिडकीपाशी टेबल ठेवून मोबाईलने फोटो काढले. दुपारी बारानंतर उजेड पानावर चमकतो, सकाळीच उरकावं.

२४ सप्टेंबर

चूल. हे सगळ्यांना सोपं वाटलं होतं.

सरांची कल्पना अशी की सभागृहाच्या मधोमध मातीची चूल असावी आणि चारही घरं तिच्याभोवती. मुरबाडकडून येणाऱ्या भाजीवाल्या मावशींनी घालून द्यायचं कबूल केलं, मजुरी ८०० रुपये. लाल माती, भाताचा तूस, शेण. थोरल्या चुलीला लागून वैलही त्यांनी आपण होऊनच घातला. 'वैल नसेल तर डाळ कुठे शिजत ठेवणार?' म्हणाल्या.

२९ सप्टेंबर

चुलीला तडा गेला, तोंडापासून थेट बुडापर्यंत. मुलांनी लवकर वाळावी म्हणून ती गच्चीत उन्हात नेऊन ठेवली होती. मावशींनी कपाळावर हात मारला. चूल सावलीतच वाळवायची, रोज थोडं पाणी शिंपडून हाताने गुळगुळीत करायची आणि पुरती वाळली की पोतेरं फिरवायचं. दुसरी घातली, आता लाकडी फळीवर, म्हणजे हलवता येईल. मजुरी पुन्हा ८००.

या तड्याचा एक फायदा झाला. चूल मधोमध असावी की नाही, यावर पुन्हा बोलणं झालं. मातीची चूल आनंदीबाईंच्या कल्याणच्या माहेरची. कलकत्त्याच्या घरात कोळशाचा उनून आणि अमेरिकेत न्यू जर्सीतल्या रोझेलला, आनंदीबाई ज्यांच्या घरी राहिल्या त्या मिसेस कार्पेंटरबाईंकडे लोखंडी शेगडी. एकच चूल चौघींना लावली तर चौघींची घरं सारखीच होती असं दिसलं असतं. चूल आता आनंदीबाईंच्या कोपऱ्यात गेली.

६ ऑक्टोबर

दसरा झाला. आनंदीबाईंच्या पत्रावरून समितीत खडाजंगी.

गोष्ट अशी. नवव्या वर्षी लग्न, नवरा गोपाळराव वीसेक वर्षांनी मोठा, बिजवर, टपाल खात्यातला. बायकोने शिकलंच पाहिजे हा त्यांचा हट्ट. पुढे अलिबागला बदली झाली तेव्हा आनंदीबाईंची आजी सोबत होती, त्यामुळे स्वयंपाकाला घरात माणूस होतं. तरी मुलगी स्वयंपाकघरात दिसली की गोपाळरावांचं डोकं फिरायचं. पुस्तक टाकून चुलीशी बसली म्हणून मार. अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या एका पत्रात आनंदीबाईंनी हे सगळं मोजून लिहिलंय: दहाव्या वर्षी लाकडाने मार, बाराव्या वर्षी अंगावर फेकलेल्या खुर्च्या आणि पुस्तकं, वर सोडून देण्याची धमकी, चौदाव्या वर्षी आणखी विचित्र शिक्षा. आणि त्याच पत्रात म्हणतात की, तुम्ही माझ्याशी वागलात ते बरं की वाईट हे ठरवणं अवघड आहे.

समितीतल्या एका ज्येष्ठ सभासदांचं म्हणणं, 'गोपाळराव नसते तर आनंदीबाई डॉक्टर झाल्या असत्या का? कशाला त्यांचं नाव खराब करता?' दुसरे म्हणाले की शाळेची मुलं येणार, त्यांच्यासमोर हे कशाला.

मी म्हटलं, आपण निवाडा करत नाही. त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलंय, ते आपण लावतोय. शेवटी मध्यम मार्ग ग्रंथपालबाईंनी काढला: चुलीच्या वर एकच चौकट लावायची, डावीकडे गोपाळरावांनी काय काय केलं (मिशनऱ्यांशी पत्रव्यवहार, नोकरीच्या गावी बायकोला शिकवणं, १८८३ मध्ये तिला एकटीला बोटीवर बसवणं), उजवीकडे पत्रातला मजकूर. विशेषण एकही नको. या चौकटीला जेवढा वेळ गेला, तेवढ्यात दुसरं अख्खं घर उभं राहिलं असतं. पण प्रदर्शनात लोक सर्वांत जास्त वेळ इथेच थांबणार, हे मला तेव्हाच दिसत होतं.

१० ऑक्टोबर

साड्या. इथे वेळ सगळ्यात जास्त गेला, म्हणून सविस्तर लिहिते.

आनंदीबाई नऊवारी नेसून अमेरिकेला गेल्या. थंडीत अडचण अशी की काष्टा घातला की पोटऱ्या मागून उघड्या राहतात. मग त्या गुजराती पद्धतीने, पायघोळ साडी नेसू लागल्या. मांसाहार नाही, धर्म बदलायचा नाही, पोशाख सोडायचा नाही, असं ठरवून गेलेल्या बाईने नेसण्याची फक्त पद्धत बदलली. हे शब्दांत लिहून कुणी वाचत नाही. म्हणून दोन पुतळे, एक नऊवारीतला, एक गुजराती पद्धतीचा, आणि दोन्ही लोकांकडे पाठ करून उभे.

अडचण क्रमांक एक: ओळखीच्या शिंप्याने फुकट दिलेला धडाचा पुतळा. त्याला पायच नाहीत, मधोमध एक दांडा. काष्टा ओढणार कुठून? परत दिला. कपड्याच्या दुकानातून पायांचा पुतळा भाड्याने आणला, नऊ दिवसांचे १,२०० रुपये. घेताना बघून घ्या, दांडा पोटरीत शिरणारा हवा. दोन पायांच्या मधून जाणारा असला तर तो काढूनच नेसवावं लागतं आणि मग पुतळा उभा राहत नाही.

अडचण क्रमांक दोन: साडी. दुकानदाराने शिवलेली नऊवारी पुढे केली, लग्नात मुली घालतात तशी. ती घालायला दोन मिनिटं, पण ती विजारीसारखी शिवलेली असते. मागून पाहिलं तर सगळंच खोटं दिसतं. आमच्या शेजारच्या इमारतीत एक आजी आहेत, आजही रोज नऊवारी नेसतात. त्यांनी स्वतःचं एक सुती लुगडं दिलं आणि नेसवायला स्वतः आल्या.

आजींनी कमरेला पहिला वेढा दिला, गाठ मारली आणि लुगडं घसरून पुतळ्याच्या घोट्यांवर. पुन्हा गाठ, पुन्हा तेच. फायबरचा पुतळा गुळगुळीत, त्यात कंबर एवढी बारीक की धरायला काही नाही. आजी वैतागल्या: 'अगं, बाईला कंबर असते, ओटी असते, पोट असतं. हिला काय आहे?' मग मांजरपाटाचा लांब पट्टा कमरेला आणि पोटाला गुंडाळून टाके घातले, मधे थोडा कापूस. त्यावर लुगडं चिकटून बसलं. ओचा खोचला, निऱ्या केल्या, काष्टा मागे घेऊन वर खोचला. पदर घ्यायच्या आधी आजी मागे सरकून बघत राहिल्या आणि एका निरीची घडी दोनदा उलगडून पुन्हा घातली. मला फरक दिसला नाही. त्यांना दिसला.

पोलकं लांब बाह्यांचं, बंद गळ्याचं शिवून घेतलं. शिलाई ६५० रुपये एकाचे. दोन घेतली.

नेसवलेली साडी काढू नका. रात्री पुतळ्यावर जुनी चादर टाकून ठेवा.

१५ ऑक्टोबर

फोटोंची मोठी निराशा. आनंदीबाई, जपानच्या केइ ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली, तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात, हा १८८५ चा फोटो सगळ्यांना माहीत आहे. सरांना तो चार फुटी हवा होता. छपाईवाल्याने नमुना काढून दाखवला, चेहऱ्यांच्या जागी नुसते ठिपके. त्या फोटोचं जेवढं रूप आमच्याकडे होतं त्यातून फूटभराच्या वर छापण्यात अर्थ नाही.

म्हणून मोठे बोर्ड हा प्रकारच रद्द. जुन्या बाजारातून लाकडी चौकटी घेतल्या, ६० ते १५० रुपयांना एक, सर्व फोटो घरातल्या भिंतीवर लावतात तेवढेच. शेजारी दोरीला भिंग बांधलं. पैसे वाचले आणि भिंत घरासारखी दिसायला लागली.

२६ ऑक्टोबर

दिवाळीत काम बंद. फराळावर ताव मारून आज पुन्हा सुरुवात.

कादंबिनींचं घर. १३ कॉर्नवॉलिस स्ट्रीट, ब्राह्मो समाजाच्या मंदिरासमोरचा मोठा वाडा. नवरा द्वारकानाथ गांगुली, आधी त्यांचे शिक्षक, विधुर, स्त्रियांच्या शिक्षणासाठी भांडणारे. त्यांच्या पहिल्या लग्नाची मुलगी विधुमुखी ही उपेंद्रकिशोर रायांची बायको, म्हणजे सत्यजित राय यांची आजी. तेही बिऱ्हाड त्याच वाड्यात. घर मुलांनी भरलेलं. एवढ्या माणसांत राहून बाई मेडिकलला गेल्या. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८८८ च्या फेब्रुवारीत एका पत्रात या 'मिसेस गांगुलीं'ची चौकशी केली आहे. बाळंतपणासाठी त्या फक्त तेरा दिवस गैरहजर होत्या, याचं नाइटिंगेलबाईंना केवढं आश्चर्य!

तेरा दिवस कौतुकाने सांगितले जातात. आमच्यातली कॉलेजची मुलगी म्हणाली, 'यात कौतुक कसलं? तिला सुट्टी दिली नाही असंही असेल ना.' चौकटीत आकडा तेवढा ठेवला.

या घराची वस्तू ठरली क्रोशाची लेस. रुग्णांकडे जाता-येता घोडागाडीत बाई लेस विणत. सरांना गाडीच उभी करायची होती. सुताराने १४,००० सांगितले. आता नुसती बैठक केलीय: जुन्या बाकाला काळं रेक्झिन आणि त्यावर सुई अडकवलेली अर्धवट लेस. आमच्या ग्रंथपालबाईंनी रिक्षातून येता-जाता ती विणली. खड्ड्यांमुळे टाके चुकलेत, ते तसेच राहू दिले.

शेजारी दोन छोट्या चौकटी. १८९३ मध्ये मुलांना मागे ठेवून कादंबिनी ब्रिटनला गेल्या आणि एडिंबरा, ग्लासगो, डब्लिनच्या पदव्या घेऊन आल्या. घरच्यांच्या आठवणीत असं येतं की परत आल्यावर धाकट्याने आईला ओळखलंच नाही. दुसरी चौकट एका श्रीमंत घरच्या बाळंतपणाची. अडलेली बाई सोडवल्यावर डॉक्टरीणबाईंचं पान ओसरीवर मांडलं गेलं आणि जेवल्यावर जागा स्वतः साफ करायला सांगितली. त्या घराला दाई आणि डॉक्टर यांत फरक दिसत नव्हता.

२ नोव्हेंबर

हैमवती सेन. चौघींमध्ये आपल्याकडे सर्वांत कमी माहीत असलेलं नाव, आणि घराबद्दल सर्वांत जास्त त्याच बोलतात, कारण त्यांनी स्वतः आठवणी लिहून ठेवल्या. दहाव्या वर्षी विधवा. पुढे ब्राह्मो समाजात आल्या, कुंजबिहारी सेनांशी दुसरं लग्न झालं. कॅम्पबेल मेडिकल स्कूलमधून डॉक्टर झाल्या, हुगळीच्या डफरिन हॉस्पिटलात नोकरी लागली. नवरा देवधर्मात, हिंडण्याफिरण्यात. कमाई बाईची, ती हातात पडताच त्यांच्याकडे जायची. वर मारहाण. स्वयंपाक, मुलं, दवाखाना सगळं बाईंवर. त्यातही आयुष्यभर अनाथ मुलांना आसरा देत राहिल्या, शेकड्यांनी.

इथे एक गोष्ट केली ती दोन दिवसांत काढून टाकावी लागली. सरांचं अक्षर सुंदर. त्यांनी जुन्या वहीवर बोरूने हैमवतींचा घरखर्च लिहिला: पगार, तांदूळ, कोळसा, नवऱ्याला दिले. चहाच्या पाण्याने कागद पिवळे केले. फार छान दिसत होतं. बघायला आलेल्या एका शिक्षिकेने विचारलं, 'मूळ वही तुम्हाला मिळाली कुठे?' तिथेच आम्ही वही उचलली. जुन्यासारखा दिसणारा कागद कुणीही खरा धरणार. वस्तू वाटेल तेवढ्या मांडा, पण त्यांच्या नावाने एक ओळही लिहू नका. आता तिथे कुलूप नसलेली पत्र्याची पेटी आहे, झाकण उघडं, आत काही नाही. बाजूला चौकट.

८ नोव्हेंबर

छपाई. मजकूर युनिकोडमध्ये टाइप केला होता. छपाईवाल्याच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये उघडल्यावर जोडाक्षरं फुटली, रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसला. 'डॉक्टर' तीन तऱ्हांनी छापून आलं. त्याने त्याच्या फॉन्टमध्ये पुन्हा टाइप केलं तर नव्या चुका. शेवटी आमच्या मुलाने मजकुराची पीडीएफ केली, अक्षरं चित्ररूपात बदलून. ती मात्र जशीच्या तशी छापली गेली. पहिली खेप वाया, १,१०० रुपये. छपाईआधी एक चौकट काढून बघा, सगळ्या एकदम टाकू नका.

नावांची यादी भिंतीवर चिकटवली आहे. रखमाबाईंचं नाव आमच्याच मजकुरात तीन प्रकारे आलं होतं.

१३ नोव्हेंबर

रखमाबाई. यांचं घर मांडताना मजा आली, कारण हे एकच माहेर आहे. आई जयंतीबाई विधवा झाल्यावर त्यांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केलं. सावत्र वडील डॉक्टर, वनस्पतींचे जाणकार, मुंबईतल्या औषधी द्रव्यांची यादी त्यांनी केलेली. अकराव्या वर्षी लग्न झालेली मुलगी त्या घरातच राहिली, शिकली, नवऱ्याकडे गेली नाही. १८८४ मध्ये नवरा दादाजी भिकाजी कोर्टात गेला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांचा निकाल तिच्या बाजूने, १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांचा उलट: नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. १८८८ मध्ये दादाजीने २,००० रुपये घेऊन दावा सोडला. १८८९ मध्ये बाई लंडनला शिकायला गेल्या. परतल्यावर सुरत, मग राजकोट.

खटल्याची चौकट मुद्दाम लहान ठेवली. घर म्हणून मांडल्या त्या कुंड्या: अडुळसा, कोरफड, तुळस, गवती चहा. (कुंडीखाली ताटली ठेवा. आमचं पाणी झिरपून खालच्या दोन चौकटींचा कागद फुगला.) आणि एका खुंटीवर रंगीत साडी, दुसरीवर पांढरी. रंगीत साडीखाली १८८८, पांढरीखाली १९०४. त्या वर्षी दादाजी वारला, आणि ज्याच्या घरी नांदायला नकार देऊन या बाईने सगळ्या देशाशी झुंज घेतली, त्याच्या मागे तिने विधवेचं पांढरं पातळ नेसायला घेतलं. याचं स्पष्टीकरण लिहायचं सरांच्या मनात होतं. मी लिहू दिलं नाही. आपल्या घरांतल्या बायका बघून उत्तर ज्याचं त्याने काढावं.

सुरतेला बायका दवाखान्यात बाळंतपणाला येईनात, तेव्हा त्यांनी गाभण शेळी आणून तिचं बाळंतपण करून दाखवलं, अशी एक गोष्ट सांगतात. मुलांना ती फार आवडली. पण ती दवाखान्याची, घराची नाही. वगळली.

१८ नोव्हेंबर

पत्रांचं ध्वनिमुद्रण. आनंदीबाईंच्या पत्रांतले उतारे कॉलेजच्या मुलीने वाचले. सभागृहात आवाज घुमतो. शेवटी माझ्या घरी कपाटाचं दार उघडून, साड्यांच्या घड्यांत तोंड खुपसून वाचलं, आवाज एकदम स्वच्छ आला. एका उताऱ्यात शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी आलीय. पुन्हा वाचायचा तिला कंटाळा आला, मलाही. राहू दिली.

२२ नोव्हेंबर

उद्घाटन. पाहुण्या म्हणून गावातल्याच एका वयस्कर डॉक्टरीणबाईंना बोलावलं, चाळीस वर्षं बाळंतपणं केलेल्या. फीत कापून त्या थेट चुलीपाशी गेल्या. सगळं वाचलं, पुतळ्यांच्या मागे जाऊन लुगडं बघितलं आणि म्हणाल्या, 'रात्रीची हाक कुठे आहे? दोन वाजता दार वाजतं तेव्हा घरातलं कोण उठतं? माझ्याकडे सासूबाई उठायच्या. मी तयार होईपर्यंत त्या माणसाला पाणी द्यायच्या, बाईचे दिवस भरलेत का ते विचारून ठेवायच्या.' एवढ्या वाचनात आमच्यापैकी कुणाला हा प्रश्न सुचला नव्हता. तीन प्रश्नांच्या फलकावर चौथा प्रश्न स्केचपेनने लिहिला. पाहुण्यांना त्यांच्या सासूबाईंबद्दल पानभर लिहून द्यायची विनंती केली. त्यांनी तिथेच बसून लिहून दिलं, डॉक्टरी अक्षरात. ग्रंथपालबाईंनी टाइप केलं.

मुलांना फुंकणी हवी असते. चुलीत राख घातली होती, पहिल्याच तासात ती फुंकून शेजारच्या चौकटींवर. राख काढली, फुंकणी ठेवली.

२५ नोव्हेंबर

बघायला येणाऱ्यांत बायका जास्त, आणि येतात त्या घोळक्याने. पांढऱ्या साडीपाशी आवाज खाली येतात, पेटीपाशी वर. 'आमच्याकडे पण एटीएम कार्ड यांच्याकडेच असतं,' एक शिक्षिका हसत म्हणाली. पुरुष गोपाळरावांच्या चौकटीपाशी थांबतात. एक गृहस्थ डावी बाजू वाचून निघाले होते, बायकोने दंडाला धरून उजवीकडे वळवलं.

हेडफोनची एक बाजू बंद पडली. शालेय मुलांसाठी स्वस्तातले आणू नका, वायर मुळाशी तुटते.

१ डिसेंबर

आवराआवर आणि हिशेब. चौकटी १,९८०, छपाई वाया गेलेली धरून ४,३५०, चूल दोन्ही मिळून १,६००, पुतळे दोन २,४००, शिलाई १,३००, रेक्झिन आणि सुतार १,८५०, हेडफोन आणि बाकी विजेचं सामान २,७००, मंडपवाल्याकडून कनाती आणि दिवे ४,०००, चहा-नाश्ता २,१००, टेम्पो-रिक्षा १,४५०. एकूण २३,७३०. उरलेल्यातून आजींचं लुगडं धुऊन, कडक इस्त्री करून परत दिलं. त्यांनी ओचा धरतात त्या जागेची घडी आधी तपासली.

चूल फळीसकट चार माणसांना उचलते. मागच्या पडवीत ठेवली आहे. मांजर तिच्यात झोपतं.

जवळच्या एका शाळेने जानेवारीसाठी चौकटी मागितल्या आहेत, पण गोपाळरावांची ती चौकट वगळून. आम्ही कळवलं: संच पूर्ण न्यायचा, नाहीतर नाही. टेम्पो तुमचा, चूल उचलायला माणसं तुमची, काचा फुटल्या तर भरपाई तुमची. उत्तर अजून आलेलं नाही. दुसऱ्या कुणाला हवा असेल तर फेब्रुवारी मोकळा आहे.